बलरेषांचे बाण उलटे फिरवायला काय हरकत आहे?

तिरपागडा:
विद्युत क्षेत्राची दिशा म्हणजे तिथे ठेवलेल्या धन प्रभारावर बल ज्या दिशेने लागेल ती. म्हणून बलरेषा, म्हणजे ही दिशा दाखवणाऱ्या रेषा, धनाकडून निघतात आणि ऋणावर संपतात. पण तारेत पळतो ऋण प्रभाराचा इलेक्ट्रॉन, तोही बाणाच्या बरोब्बर उलटा! बेंजामिन फ्रँकलिन या शास्त्रज्ञाने धन-ऋण ठरवलं 1747 च्या सुमारास, इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये. पावणेतीनशे वर्षं जुन्या अंदाजाचं ओझं पोरांनी का वाहायचं? परीक्षण प्रभार, म्हणजे क्षेत्र तपासायला ठेवलेला प्रभार, ऋण धरा, बाण फिरवा, विषय संपला.

ट्रान्झिस्टर:
संपतो कसला, तिथूनच सुरू होतो. आज बल म्हणजे प्रभार गुणिले क्षेत्र. प्रभार ऋण असला की दिशा आपोआप उलटते. तुमच्या व्याख्येत या सूत्रात उणे चिन्ह घुसणार, गाउसच्या नियमातही (बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारं क्षेत्र आतल्या प्रभाराशी जोडणारा नियम) घुसणार. आणि सगळीकडे इलेक्ट्रॉनच पळतो हे कुणी सांगितलं? गाडीच्या बॅटरीतल्या आम्लात धन आयनही (प्रभार असलेले अणू-रेणू) सरकतात.

सातारी मास्तर:
दोघंही भलत्याच जागी भांडताय. वर्गात घोळ होतो तो पोरं बलरेषेलाच कणाची वाट समजतात म्हणून. बल रेषेच्या स्पर्शिकेच्या दिशेने लागतं, एवढंच. वक्र रेषेवर कण सोडा, जरा वेग आला की तो वळणावर रेषा सोडून बाहेर जातो. बाण फिरवून हे कसं सुटणार?

तिरपागडा:
मान्य मास्तर, पण तो वेगळा धागा काढा. चिन्ह फिरवता येतं की नाही ते बघा. निरभ्र दिवशी जमिनीजवळ मीटरला साधारण 100 व्होल्टचं क्षेत्र असतं, बाण खाली, कारण जमीन ऋण. वरची दिशा धन धरली तर हे क्षेत्र उणे. पण वातावरणातली वीज मोजणारे उंचीगणिक विभव (व्होल्टेज) किती वाढतो ते बघतात आणि तोच आकडा अधिक लिहितात. त्यांचं काही अडलं?

ट्रान्झिस्टर:
अडतं तर! त्या विषयातला लेख हातात घेतला की आधी लेखकाने कुठला संकेत धरलाय ते शोधावं लागतं. नाहीतर डोक्यावरच्या ढगाचा तळ धन की ऋण, याचंच उत्तर उलटं येतं. एका शाखेत ही तऱ्हा. तुम्हाला तर डायोडच्या (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) चिन्हातला बाणसुद्धा फिरवावा लागेल.

तिरपागडा:
तो तर आधी फिरवा!