पांढरा विषय आणि जुनी लेन्स: टोन काचेतून यावा की एडिटिंगमधून?

निशिगंध:
पांढरं फूल, बगळा, पांढरं कापड असं काही टिपायचं असलं की मी नवी लेन्स बाजूला ठेवते आणि हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स लावते. पांढऱ्याचा टोन, म्हणजे उजळ ते गडद छटांचा उतार, जुन्या काचेतून जास्त हळुवार उतरतो आणि नंतर त्यात ढवळाढवळ करू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोटिंग (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. जुन्या एकेरी कोटिंगने तो कमी होतो, पण आजच्या बहुपदरी कोटिंगइतका नाही. उरलेला प्रकाश लेन्सच्या आत आदळत सगळ्या फ्रेमवर पसरतो, गडद भाग उचलले जातात, कॉन्ट्रास्ट उतरतो. शिवाय एफ/२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, गोलीय विपथनामुळे (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळल्यामुळे) कडांभोवती झळाळी येते. छिद्र एफ/४ पर्यंत लहान केलं की ती बरीचशी जाते, म्हणून मी एफ/२.८ वर थांबते. एडिटिंगमध्ये टोनचा कर्व्ह ओढून, धुरकटपणा काढणारं डीहेझ फिरवून हा मऊपणा पुसायचाच असेल तर ही लेन्स लावायची कशाला?

एक्सपोजर मात्र वाढवावंच लागतं. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो. फ्रेमभर पांढरं असेल तर मी १ ते दीड स्टॉप जास्त देते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

टोनपारखी:
अजिबात पटलं नाही. साधा हिशेब करा. पाकळीचा उजळ भाग १००, तिच्या घडीतली सावली ५० आणि मागचं पान १ धरा. भटक्या प्रकाशाने सगळीकडे ३ मिळवले. पाकळी १०३, सावली ५३, पान ४. पाकळीतला फरक जवळजवळ होता तेवढाच राहिला. पान मात्र चौपट उजळलं! म्हणजे तुम्ही ज्याला पांढऱ्याचा टोन म्हणता तो पार्श्वभूमीत झालेला बदल आहे. तेवढंच हवं असेल तर नव्या लेन्सच्या रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काळा बिंदू उचला, म्हणजे सगळ्यात गडद टोन थोडा उजळ करा. कडांची झळाळी तर पाकळीच्या शिरा खाते, आणि त्या नंतर कुठूनही परत आणता येत नाहीत.

निशिगंध:
तुमच्या हिशेबात फुलाचा गाभा राहिला. पाकळ्या एकमेकींवर येतात तिथली खोल फट ४-५ वर असते, ती ७-८ वर जाते, आणि ती फुलाचाच भाग आहे. मागचं पान उजळलं तर पांढरंही वेगळं दिसतं, कारण डोळा पांढऱ्याला शेजारच्या टोनवरून तोलतो. मला शिरा मोजायच्या नाहीत, पाकळीवर पडलेला उजेड दाखवायचा आहे.

टोनपारखी:
फट उजळली, पण तिच्यात तपशील वाढला का? भरीला आलेला भटका प्रकाश स्वतःचा नॉइजही (चित्रातले नको असलेले दाणे) घेऊन येतो.

जुनीकाच:
दोघांनीही रंगाचा मुद्दा सोडला. काही सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ या जुन्या लेन्समध्ये थोरियमयुक्त (किरणोत्सारी धातू मिसळलेली) काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. पांढऱ्यावर हा पिवळेपणा लगेच कळतो. त्याच लेन्समधून, त्याच उजेडात ग्रे कार्ड (प्रमाणित करडा पुठ्ठा) टिपून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ठरवा. तिथे 'ढवळाढवळ नको' चालणार नाही. पिवळी काच निळा प्रकाश अडवते, मग दुरुस्तीत निळा चॅनल उचलला जातो आणि त्यातला नॉइज दिसू लागतो. काचेवर काही दिवस अतिनील प्रकाश पडू दिला तर पिवळेपणा बराच उतरतो, तो उपाय मला जास्त पटतो.

पाचवाझोन:
१ ते दीड स्टॉपच्या नियमाला माझा विरोध. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन पद्धतीत, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे टोन एकेका स्टॉपच्या पायऱ्यांत मांडायच्या पद्धतीत, मीटरने मोजलेली जागा झोन ५ वर बसते. पोत दिसणारं पांढरं झोन ७ च्या आसपास लागतं, म्हणजे पांढऱ्यावर स्पॉट मीटर (छोट्या जागेपुरताच प्रकाश मोजणारा) धरला तर २ स्टॉप वाढवायचे. उलट गडद पाण्यावर एकटा बगळा असेल आणि मीटर पूर्ण फ्रेमचा असेल, तर एक्सपोजर कमी करावं लागतं, नाहीतर पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन कोरी पांढरी होतात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) वेगवेगळा पाहा. जळलेलं पांढरं कुठलीच लेन्स वाचवत नाही.

निशिगंध:
बगळ्याबद्दल सहमत, मी फ्रेमभर पांढऱ्यापुरतंच बोलत होते. कर्व्हबद्दल माझं मत कायम आहे. व्हाइट बॅलन्स जुळवणं वेगळं आणि काचेने दिलेला टोनचा उतार बदलणं वेगळं.

टोनपारखी:
मग एक चाचणी करा. तेच फूल, तोच उजेड, दोन्ही लेन्सना हूड (बाजूचा उजेड अडवणारी झडप), दोन्हीकडे ग्रे कार्ड, दोन्ही एफ/२.८. नव्या लेन्सच्या फाइलमध्ये फक्त काळा बिंदू उचला आणि दोन्ही चित्रं शेजारी लावा. फरक फक्त कडांवर दिसेल, असा माझा अंदाज आहे.

निशिगंध:
करते. पण कडा सोडून बघायचं नाही, मला त्याच हव्या आहेत.