ॲबीचे दंड खुपतात, क्वाएटची बिकिनी चालते?

नीरजा_प:
काल इथे एकाने लिहिलं, "गेममध्ये बायका घुसवल्या आणि वाट लागली. ॲबीसारखी बाई जगात असते का?" उत्तर देणार नव्हते, पण डोक्यातून जाईना. 'द लास्ट ऑफ अस २' या गेममधल्या ॲबीचं पिळदार शरीर कॉलीन फॉच या क्रॉसफिट (ताकदीच्या कसरतींच्या स्पर्धा) खेळाडूवरून घेतलंय. म्हणजे अशी बाई आहे! आणि २०१५ च्या 'मेटल गिअर सॉलिड ५' या गेममधली क्वाएट? रणांगणावर स्नायपर बाई बिकिनीत, कारण म्हणे ती त्वचेतून श्वास घेते. हे मुकाट गिळलंत आणि दंड मात्र घशात अडकले?

जुना_खेळाडू:
ते मीच लिहिलं होतं. मागे घेत नाही. बाई नको असं कोण म्हणतंय? १९९६ ला टूम्ब रेडर आला तेव्हापासून लारा क्रॉफ्ट घेऊन खेळतोय. मेट्रॉइड गेमची नायिका सॅमस तर १९८६ ची. माझा राग वेगळाय. 'लास्ट ऑफ अस'च्या पहिल्या भागात ज्या जोएलसोबत, म्हणजे नायकासोबत, इतके तास काढले, त्याला ॲबीने गोल्फच्या काठीने मारलं आणि पुढे तिलाच घेऊन खेळायला लावलं. काळीज तुटलं माझं.

नीरजा_प:
सॅमसचं उदाहरण तुम्ही तरी देऊ नका. पूर्ण गेमभर चिलखतात, आणि तासाभरात संपवलात तर शेवटी बिकिनीत. बाई म्हणजे बक्षीस! आणि गोष्टीवर राग होता, तर ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारण्याच्या धमक्या कशाला?

जुना_खेळाडू:
धमक्या मी दिल्या नाहीत. माझ्या नावावर खपवू नका.

किल्लेदार:
आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी, हातात त्रिशूळ, बिकिनी वगैरे काही नाही. इथल्या किती जणांनी विकत घेऊन खेळला? फुकटात मिळेल तेच खेळायचं आणि वर चर्चा करायच्या.

वेदा२२:
तुम्ही पात्रांवर भांडा. मला माईक चालू करता येत नाही. परवा ऑनलाइन गेममध्ये स्क्वॉडला, म्हणजे माझ्या टीमला, "डावीकडे दोघं आहेत" एवढंच बोलले. "अरे, पोरगी आहे! इन्स्टा दे." नाही दिला, तर शिव्या. नंतर मी नॉक झाले, म्हणजे गोळी लागून पडले, रांगत त्याच्या पायापाशी गेले. तो उभा राहून बघत होता. रिव्हाइव्ह केलंच नाही, म्हणजे मला परत उठवलंच नाही.

रात्रपाळी:
शिव्या सगळ्यांनाच पडतात. मला तर एका शाळकरी पोराने आईवरून घातल्या. माईक म्यूट कर आणि खेळ.

वेदा२२:
तुला हरल्यावर पडतात, मला तोंड उघडल्यावर. आणि म्यूट मीच का व्हायचं? चार वर्षं भावाच्या आयडीवरून खेळतेय मी!

रात्रपाळी:
बरं बाई, तुझंच खरं.

वेदा२२:
"बरं बाई" नको. पटलं असेल तर नीट म्हण.

जुना_खेळाडू:
वेदा, माझी मुलगी नववीत आहे. हेडफोन लावून गप्प खेळते. मला वाटायचं माईक बिघडलाय, नवा आणूनही दिला. तुझं वाचून आत्ता तिला विचारलं. म्हणाली, "बाबा, जुनाही चांगलाच होता." "घुसवल्या" हा शब्द मागे घेतो. जोएलचं मात्र माफ करणार नाही.