लूप : आवर्तन, फेरा की आणखी काही?

बेळगावजवळच्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी आठवी-नववीला संगणक शिकवतो. एका शब्दापाशी अडलोय. प्रोग्रॅमिंगमधल्या ‘लूप’ला, म्हणजे संगणकाला तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या रचनेला, मराठीत काय म्हणावं?

बाकीच्या शब्दांचं फारसं अडत नाही. ‘व्हेरिएबल’ला गणितातला ‘चल’ आहे. ‘कळफलक’ पुस्तकात असतो, बोलताना सगळे कीबोर्डच म्हणतात. माऊसला कुणी उंदीर म्हणत नाही, म्हणूही नये. वस्तूचं नाव परकं असलं तरी वस्तू समोर असते, हातात धरता येते. लूपचं तसं नाही. नुसत्या कल्पनेचं नाव परकं राहिलं की पोरं नाव पाठ करतात आणि कल्पना दाराबाहेरच उभी राहते. ‘लूप म्हणजे काय’ याचं उत्तर बिनचूक लिहिणारा मुलगा, चौरस काढायला सांगितला की ‘पुढे जा, वळ’ हेच चारदा लिहून मोकळा होतो.

‘पुनरावृत्ती’ वापरून पाहिला. निबंधाच्या वहीत ‘पुनरावृत्ती टाळा’ असा लाल शेरा खाल्लेल्या मुलांना तो दोषच वाटतो. मग ‘आवर्तन’ घेतला आणि पहिल्यांदा वर्गातले चेहरे उजळले. गणपतीत अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं सगळ्यांनी ऐकलेली असतात. मजकूर तोच, पुन्हा पुन्हा म्हणायचा, मोजत राहायचं, २१ झाली की थांबायचं. स्क्रॅचमधला (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा) ‘रिपीट’चा ठोकळा हेच करतो.

पण पुढे ‘फॉरएव्हर’चा, म्हणजे कधीच न थांबणारा, ठोकळा आला. पडद्यावरचं मांजर गोल गोल फिरत राहिलं आणि एक मुलगा म्हणाला, “सर, ह्ये थांबंनाच झालंय. चौऱ्यांशीच्या फेऱ्यात अडकलंय बघा.” घरात आजीकडून ऐकलेलं असणार. तेव्हापासून मनात घोळतंय : मोजून संपणारा लूप तो ‘आवर्तन’ आणि न संपणारा तो ‘फेरा’, असे दोन शब्द ठेवावेत का? जाणत्यांनी सांगावं.

प्रतिसाद, निपाणीहून

सरळ ‘चक्र’ म्हणा ना. जलचक्र, ऋतुचक्र मुलांनी विज्ञानात शिकलेलं असतं. शिवाय त्याला जुना आधारही आहे. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाच्या नियोजित गणनयंत्रावर एडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये टिपणं लिहिली, त्यात एकाहून जास्त वेळा करायच्या क्रियांच्या गटाला त्यांनी ‘सायकल’ म्हटलं आहे. ‘लूप’ त्यामानाने बराच नंतरचा.

मूळ लेखक

लव्हलेस यांचा दाखला मोलाचा आहे. मात्र जलचक्र आपण मोजत नाही आणि थांबवतही नाही. माझ्या मुलांना नेमकं तेच दोन्ही करायचंय.

प्रतिसाद, वडगावहून

मी संगणकातला माणूस नव्हे. आमच्या घरी माग होता. वडगाव, खासबाग, शहापूर हा सगळाच विणकरांचा भाग, त्यामुळे माझं बालपण मागाच्या आवाजात गेलं. शेजारच्या कन्नड घरात मागाला ‘मग्ग’ म्हणत आणि आडवा धागा आरपार नेणाऱ्या धोट्याला ‘लाळी’, काम मात्र दोन्ही घरांत एकच.

जेकार्डच्या मागावर डोक्यापाशी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा. पुठ्ठ्याला जिथं भोक, तिथला आकडा ताण्याचा (उभा) दोरा वर उचलतो. भोक नाही तिथला दोरा खालीच राहतो. मधून धोटा जातो, फणी ठोकली जाते, पुढचा पुठ्ठा समोर येतो. सगळे पुठ्ठे एकमेकांना दोरीनं ओवलेले असतात, आणि शेवटचा पुठ्ठा पहिल्याला बांधलेला असतो. म्हणून एक बुट्टा पुरा झाला की दुसरा आपसूक सुरू होतो. लहानपणी मी त्या माळेचं टोक शोधायचो. टोक नसतंच.

फ्रान्समधल्या जाकारनं १८०४ च्या सुमाराला हा माग बसवला आणि बॅबेजनं भोकाच्या पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच उचलली, हे मला माझ्या मुलीनं इंजिनिअरिंगला गेल्यावर सांगितलं. तिनं आणखी एक सांगितलं, ते मी विसरू शकत नाही. अमेरिकेत १९४४ साली सुरू झालेल्या हार्वर्ड मार्क वन या अवाढव्य यंत्राला भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून हुकूम दिले जात. तेच काम परत परत करून घ्यायचं असलं की पट्टीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला चिकटवून टाकत. आमच्या माळेसारखंच!

आता तुमच्या शब्दाकडे येतो. माळ आपली आपण थांबत नाही. पदर आला, आता बुट्टे बस, हे विणणारा ठरवतो. म्हणजे फिरत राहणं ही एक गोष्ट आणि कुठं थांबायचं ही दुसरी. तुम्ही दोन प्रकारच्या लूपना दोन नावं द्यायला निघालात, मला ते पटलं नाही. लूप एकच, तो फेरा. आणि त्याची एक खेप पुरी झाली की ते एक आवर्तन. अथर्वशीर्षाचंही तसंच बघा. एकदा म्हटलं की एक आवर्तन झालं, २१ वेळा म्हटलं की २१ आवर्तनं. सगळं मिळून ‘एक आवर्तन’ असं कुणी म्हणत नाही. तबल्यातही तीनतालाच्या १६ मात्रा होऊन समेवर आलं की एक आवर्तन.

मूळ लेखक

हे वाचून मी माझी टिपणवही काढली आणि दुरुस्ती केली. चूक माझीच होती. इंग्रजीतही लूप वेगळा आणि त्याची एकेक खेप म्हणजे ‘इटरेशन’ वेगळी, आणि मी दोन्हीवर एकच शब्द चिकटवत होतो. एक शंका राहते : वटपौर्णिमेला बायका वडाला सात फेरे घालतात, तिथं फेरा म्हणजे एकच खेप होते की.

प्रतिसाद, वडगावहून

क्रियापद बघा. फेरा ‘घातला’ की ती एक खेप. फेऱ्यात ‘पडलो’, ‘सापडलो’, ‘अडकलो’ म्हटलं की अख्खं फिरणं. तुमच्या मुलानं ‘फेऱ्यात अडकलंय’ म्हटलं, ते अगदी बरोबर म्हटलं.

प्रतिसाद, खानापूर तालुक्यातून

मी पण संगणक शिकवते. नाव ठरलं ते छान झालं, पण माझी मुलं थांबायच्या अटीवर अडतात, आणि तो अडसर मराठीचाच आहे असं मला वाटतं. गेल्या आठवड्यातलं सांगते.

काम सोपं होतं. मांजर कडेला टेकेपर्यंत चालवायचं. ठोकळा ‘रिपीट अन्टिल’, म्हणजे अट खरी होईपर्यंत करत राहा. एका हुशार मुलानं त्यात ‘नॉट’ (नाही) घालून ‘टचिंग एज’ (कडेला टेकलंय) ठेवलं. हिरवा झेंडा दाबला तर मांजर जागचं हललंच नाही. मुलगा रडकुंडीला आला, कारण त्याच्या मते सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, तुला काय हवंय ते तोंडानं सांग. तो म्हणाला, “जोवर कडेला टेकत नाही तोवर चाल.” वाक्यात एकही चूक नाही! मराठीत ‘जोवर’बरोबर ‘नाही’ येतंच : जोवर पाऊस थांबत नाही तोवर निघू नको. पण अन्टिलचा ठोकळा कधी थांबू एवढंच विचारतो. त्यात ‘टेकलेलं नाही’ ही अट घातली की ती सुरुवातीलाच खरी ठरते आणि फेरा सुरू व्हायच्या आधीच संपतो.

शेजारी घरी कन्नड बोलणारी मुलगी बसली होती. तिचं पहिल्याच झटक्यात बरोबर आलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, “गोडे मुट्टो तनक.” म्हणजे भिंतीला लागेपर्यंत. त्यात नकार नाहीच. मग मी त्या मुलाला म्हटलं, शाळेचं राहू दे, घरी आईला कसं सांगशील? तो लगेच म्हणाला, “भिताडाला टेकस्तवर चाल.” आणि स्वतःच ‘नॉट’ ओढून बाहेर टाकलं.

आपल्या भागातलं हे ‘-स्तवर’ : येस्तवर, हुस्तवर, भरस्तवर. वहीत आलं की आपणच ते खोडतो. माझी सूचना अशी की ‘अन्टिल’ला ‘-पर्यंत’ किंवा ‘-स्तवर’, आणि ‘व्हाइल’ला ‘जोवर’. ‘जोवर’ पायथन या लिहून करायच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी राखून ठेवा, तिथं व्हाइलपुढे (अट खरी असेतो चालणाऱ्या लूपपुढे) ‘नॉट’ चपखल बसतं.

मूळ लेखक

बाई, तुमचा प्रतिसाद मी आज वर्गात वाचून दाखवला. ‘-स्तवर’ ऐकल्यावर वर्गात जी गडबड उडाली! आपलं घरचं बोलणं संगणकाच्या तासाला चालतं, हे त्यांना खरंच वाटेना. फळ्यावर तीन ओळी लिहिल्या : फेरा, आवर्तन, टेकस्तवर. खाली एका मुलीनं येऊन ‘कडेला टेकस्तवर फेरा, आवर्तनं मोज’ असं लिहिलं. तो अख्खा प्रोग्रॅमच झाला. चालवून पाहिला. मांजर कडेला पोचलं आणि मोजणी ४६ वर थांबली.

वडगावच्या काकांना एक विनंती. जुना पुठ्ठा घरात असेल तर एकच द्या, नेऊन दाखवतो आणि परत आणून देतो.

आणि पुढचा प्रश्न आत्ताच विचारून ठेवतो. नववीला पायथनमध्ये ‘ब्रेक’ येतो, म्हणजे मध्येच लूपमधून बाहेर पडायचा हुकूम. ‘खंड’ म्हटलं तर काम तात्पुरतं थांबून परत सुरू होईल असं वाटतं. फेऱ्यात अडकणं आहे, तर फेऱ्यातून ‘सुटणं’ही आहेच. ‘सुट’ असा हुकूम चालेल का?

प्रतिसाद, वडगावहून

चालेल. पुठ्ठा शोधून ठेवतो. शनिवारी दुपारी या.