ऑप्शन 'मिळाले' की 'देऊ केले'? ईसॉपच्या मराठी शब्दांबद्दल

चाकणच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझर मंडळींसाठी ईसॉपचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. ईसॉप म्हणजे कर्मचाऱ्याला कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क देणारी योजना, आणि त्या हक्काला म्हणतात ऑप्शन. आजवर तिथे ऑप्शन फक्त वरच्या अधिकाऱ्यांना होते, आता पहिल्यांदाच ते शॉप फ्लोअरपर्यंत येताहेत. सोबत जो कच्चा मराठी मसुदा आला त्यात 'स्टॉक बेस्ड कॉम्पेन्सेशन'चं 'साठा-आधारित नुकसानभरपाई' झालेलं होतं. साठा म्हटलं की गोदामातला माल आणि नुकसानभरपाई म्हटलं की अपघात, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र. इथे 'मोबदला' सरळ बसतो. बदल, अदलाबदल, मोबदला हे सगळे एकाच अरबी धातूचे. काम दिलं, त्याच्या बदल्यात काही घेतलं. भूसंपादनामुळे या शब्दाला जमीन गेल्याची सल चिकटली आहे हे खरं, पण 'कामाचा मोबदला' म्हटलं की कुणी अडत नाही. म्हणून 'शेअरच्या रूपातला मोबदला'. 'समभाग' छापील बातमीत शोभतो, पण कारखान्यात सगळे शेअरच म्हणतात.

'दीर्घकालीन प्रोत्साहन योजना' मी शीर्षकापुरतं ठेवलं आहे. माझी खरी अडचण नामांची नाही, क्रियापदांची आहे.

माझ्या मावसभावाचा मुलगा पुण्यात एका नव्या कंपनीत लागला. पत्रात चारशे ऑप्शन होते. भाऊ नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा सभासद. त्याच्या घरी शेअर म्हणजे ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला दाखला, सभेत मत, दिवाळीला सवलतीची साखर. त्याने गावात सांगितलं, "पोराला कंपनीचे शेअर मिळाले." पोरानेही तेच धरलं. दहाव्या महिन्यात दुसरीकडे पगार वाढवून मिळाला, त्याने नोकरी सोडली, आणि हिशेबाच्या कागदावर ऑप्शनच्या रकान्यात शून्य. भाऊ मला विचारत होता, "दिलेलं परत कसं घेतात?" कुणी काही परत घेतलेलं नव्हतं, कारण दिलेलंच नव्हतं. पण 'मिळाले' हा शब्द एकदा तोंडात बसल्यावर ते त्याला पटवायला माझी अख्खी संध्याकाळ गेली.

इंग्रजीत इथे चार टप्प्यांना चार वेगळी क्रियापदं आहेत आणि आपण चारही जागी 'मिळाले' म्हणतो. माझी मांडणी अशी:

ग्रँट म्हणजे 'देऊ केले'. मराठीतलं हे जोडक्रियापद इथे तंतोतंत बसतं. देण्याची तयारी झाली, देणं व्हायचं आहे. मसुद्यातलं 'प्रदान केले' मला नको, कारण पुरस्कार प्रदान केला की तो हातात येतो.

एक्सरसाइज म्हणजे 'हक्क बजावला'. मतदानाचा हक्क आपण बजावतोच. तो बजावायची सक्ती नसते, आणि ऑप्शनचा प्राण नेमका तोच आहे: ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क आहे, बंधन नाही. 'विकल्प' मात्र घेऊ नये. हिंदीत ठीक, पण मराठी कानाला 'मनात विकल्प आला' म्हणजे शंका आली.

अलॉट झाले म्हणजे 'नावावर झाले'. सातबाऱ्यावर नाव लागतं तसं डीमॅट खात्यात शेअर येतात, आणि तेव्हाच माणूस भागधारक होतो. त्याआधी लाभांश नाही, मत नाही.

राहिलं व्हेस्ट, म्हणजे ठरलेला काळ नोकरीत काढल्यावर ऑप्शन वापरता येण्याजोगे होणं. तिथेच अडले आहे.

प्रतिसाद १

ताई, महसूल खात्यात तीस वर्षं काढली म्हणून सांगतो, व्हेस्टला 'निहित होणे' हा कायद्याच्या मराठीत रुळलेला शब्द आहे. 'जमीन शासनाकडे निहित होईल' हे वाक्य आम्ही रोज वाचायचो. नवा शब्द घडवण्याऐवजी आहे तो वापरावा. एखादा दावा उद्या कोर्टात गेला तर 'निहित'चा अर्थ कुणी बदलू शकणार नाही.

प्रतिसाद २

मी 'पिकणे' सुचवेन. ऑप्शन पिकले. दर वर्षी थोडे पिकतात, मुदतीआधी तोडले तर हाती काही नाही. लोकांना एका शब्दात कळेल.

मूळ लेखिका

काका, 'निहित' योजनेच्या मूळ मसुद्यात ठेवायलाच हवा, तुमचं म्हणणं मान्य. एका जागी तर तो फारच चपखल आहे. कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्याला देऊ केलेले सगळे ऑप्शन त्या दिवसापासून वारसांकडे निहित होतात, असं २०१४ च्या कंपनी नियमांत आहे. पण सुपरवायझरच्या हातातल्या कागदावर तो नको. 'शासनाकडे निहित' वाचलं की शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला आपलं गेलं असं वाटतं, आणि इथे सांगायचं आहे ते नेमकं उलट.

'पिकणे' मला फार आवडला. दोन दिवस तोच धरून बसले होते. पण पिकलेलं फळ तोडलं की आपलं. इथे पिकल्यावरही पैसे भरावे लागतात. 'मुदत भरली'चंही तेच: एफडीची मुदत भरली की रक्कम खात्यात येते, ऑप्शनची भरली की फक्त हक्क बजावायची दारं उघडतात. म्हणून सध्या 'हक्क पक्का झाला' लिहिते आहे. कच्चा-पक्का हा भेद पावतीपासून रस्त्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रतिसाद ३

मी सीए. 'पक्का'ला माझा पाठिंबा, पण कृपा करून कराचं एक ठळक वाक्य घाला, कारण 'मिळाले'मुळे होणारा सगळ्यात मोठा घोटाळा तिथे आहे. शंभर ऑप्शन पक्के झाले, ठरलेली किंमत १०० रुपये. हक्क बजावला त्या दिवशी शेअरचं वाजवी मूल्य ३५०. फरक अडीचशे, म्हणजे शंभर शेअरवर २५,००० रुपये पगाराच्या उत्पन्नात धरले जातात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उपकरासह ७,८०० कर. शेअरचे १०,००० आणि कराचे ७,८००, असे १७,८०० रुपये खिशातून गेले आणि अजून एक शेअरही विकलेला नाही. पुढे विकल्यावर भांडवली नफ्याचा कर वेगळा, तो ३५० च्या वर जेवढं मिळेल त्यावर. लोक माझ्याकडे येतात ते हे सगळं झाल्यावर.

आणि 'स्वेट इक्विटी'चं 'घामाचे शेअर' करू नका. 'घामाचे दाम' शेतकरी आंदोलनातून आलेलं आहे, ऐकायला छान वाटतं, पण २०१३ च्या कंपनी कायद्यातली स्वेट इक्विटी वेगळी. ज्ञान, तंत्र, बौद्धिक संपदेचे हक्क किंवा कंपनीच्या मूल्यात घातलेली भर यांच्या बदल्यात संचालकांना किंवा कर्मचाऱ्यांना सवलतीत किंवा पैसे न घेता दिलेले ते शेअर असतात. फिटर हे वाचून आपल्याबद्दलच आहे असं समजेल.

प्रतिसाद ४

कॅलिफोर्नियाहून. आमच्याकडे ऑप्शनपेक्षा आरएसयू जास्त, म्हणजे ठरलेला काळ नोकरीत काढल्यावर थेट मिळणारे शेअर. त्यात बजावणं हा टप्पाच नाही. व्हेस्ट झालं की शेअर खात्यात, कर त्याच दिवशीच्या भावावर. म्हणजे आरएसयूच्या बाबतीत 'पिकले' अगदी बरोबर बसेल! पुण्यात बसून अमेरिकी कंपनीचे आरएसयू घेणारे माझे मित्र आहेत, ते 'ईसॉप मिळाले' म्हणतात आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा रकाना भरायला विसरतात. एक शब्द सगळ्यांना लावण्याचा परिणाम.

मूळ लेखिका

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आरएसयूला 'पिकले', ऑप्शनला 'पक्के झाले'. एकाच इंग्रजी शब्दाला दोन मराठी शब्द, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे. करून टाकू.

सीए दादा, तुमचं उदाहरण आकड्यांसकट घेते. पत्रकाचा पहिला परिच्छेद आता असा झाला आहे:

"कंपनीने तुम्हाला ४०० ऑप्शन देऊ केले आहेत. हे शेअर नाहीत. एक वर्ष पूर्ण झाल्यावर १०० ऑप्शनवरचा तुमचा हक्क पक्का होईल, पुढे दर वर्षी आणखी १००. पक्क्या झालेल्या ऑप्शनवर तुम्ही प्रत्येकी १०० रुपये भरून हक्क बजावू शकता, न बजावण्याचीही मोकळीक आहे. हक्क बजावल्यावर शेअर तुमच्या नावावर होतील. नोकरी सोडलीत तर पक्के न झालेले ऑप्शन रद्द होतील."

काल भावाला फोनवर वाचून दाखवला. शेवटच्या वाक्यावर तो थांबला आणि म्हणाला, "हे पहिल्या पानावर वरती छापा." ते वाक्य वर नेलं आहे.

'क्लिफ' अजून शिल्लक आहे. पहिले ऑप्शन पक्के होईपर्यंतच्या काळाला कंपनीवाले 'एक वर्षाचा क्लिफ' म्हणतात. 'कडा' लिहिलं तर सह्याद्रीत राहणाऱ्याला दरीच दिसणार. एक वर्षाची अट कायद्यानेच घातली आहे, देऊ केल्यापासून पक्के होईपर्यंत किमान तेवढा काळ जावाच लागतो, म्हणून सध्या नुसतं 'पहिलं वर्ष' लिहिलं आहे. सोमवारी छपाईला जातंय, त्याआधी कुणाला नेमका शब्द सुचला तर लिहा.

प्रतिसाद १

'पहिलं वर्ष'च राहू द्या, ताई. आणि वारसांचं वाक्य पत्रकात आहे ना? घरच्यांना ते माहीत असायला हवं.

मूळ लेखिका

नव्हतं, काका. आत्ता घातलं: 'पक्के न झालेले ऑप्शनही वारसांना मिळतील'. त्या वाक्यात मात्र 'मिळतील' असंच लिहिलं आहे.