बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढल्याची पावती) 2 नोव्हेंबर, वाटाण्यावर 30 टक्के आयात ड्युटी. आता काय करू?

इतवारीवाला:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय. कॅनडाचा पिवळा वाटाणा, 3 कंटेनर, 72 टन, टनाला 345 डॉलरने. सौदा केला तेव्हा ड्युटी शून्य होती, आणि ती मार्च 2026 पर्यंत शून्यच राहणार असं सरकारनंच लिहून दिलं होतं. ऑक्टोबर 2025 संपता संपता नवी अधिसूचना: 1 नोव्हेंबरपासूनच्या बीएलवर 30 टक्के. माझे डबे 28 तारखेला चढायचे होते, शिपिंग लाइनने पुढच्या जहाजावर ढकलले. दोन दिवसांपायी किलोमागे नऊ रुपये, म्हणजे साडेसहा लाखांच्या वर! ज्या धंद्यात किलोला सव्वा रुपया सुटतो त्यात. वरून माल एका दालमिलला आधीच विकून बसलोय. फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) म्हणतो, बीएलची तारीख मागची करून आणू का?

सीएचए_वर्धा_रोड:
ना बाप्पा, त्या नादी लागू नका. डबा कधी चढला ते ट्रॅकिंगवर कोणालाही दिसतं. सापडलात तर ड्युटी भराच, शिवाय माल जप्त आणि दंड. कागदावर आयातदार तुम्ही आहात, फॉरवर्डर नाही.
एरवी बिल ऑफ एंट्रीची (बीई, कस्टम्सकडे भरायचा आयातीचा कागद) किंवा जहाजाच्या एंट्री इनवर्डची (बंदरात माल उतरवायची परवानगी), जी तारीख नंतरची तिचा दर लागतो. बीई 30 दिवस आधी भरता येतं, पण त्यानं दर गोठत नाही. इथे तर अधिसूचनेतच बीएलची तारीख घातलीय, त्यामुळे घाई करून काही हाती लागणार नाही.
माल बाँडमध्ये (ड्युटी न भरता माल ठेवायचं गोदाम) टाकता येईल. ड्युटीवर 90 दिवस व्याज नाही, पुढे वर्षाला 15 टक्के. दर माल काढण्यासाठी बीई भराल त्या दिवसाचा. पण तो जुगार आहे, आणि वाटाण्याला भुंगा लागतो.

कळमन्याचा_जुना_गडी:
नोव्हेंबर 2017 मध्ये याच वाटाण्यावर एका झटक्यात 50 टक्के लागले होते, तेव्हा मी पोळलोय. भाऊ, दालमिलशी काय लिहून ठेवलंय ते बघा. माल विक्री कायदा 1930, कलम 64अ: सौद्यानंतर ड्युटी वाढली तर विकणारा तेवढी रक्कम भावात वाढवून मागू शकतो. सौद्यात उलट काही ठरलं असेल तरच नाही. 'सगळं धरून' असं लिहिलं असेल तर मात्र गेले कामातून.

इतवारीवाला:
व्हॉट्सॲप उघडून पाहिलं: 'मटर 35.50, नागपूर पोच, मशीन क्लीन.' ड्युटीचं अक्षर नाही! जीव भांड्यात पडला.

इतवारीवाला (आठवड्यानंतर):
काल दालमिलच्या सेठकडे गेलो, 64अ ची प्रिंट घेऊनच. चहा झाला, सेठनी कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, "कायदा राहू दे, बाजार किती चढला ते बोल." सगळ्यांचाच माल महागलाय, हे त्यांनाही माहीत. पाच रुपये वाढवून दिले, चार माझ्या अंगावर. आता पुढच्या सौद्यात एक ओळ आधीच टाकलीय: ड्युटी बदलल्यास फरक घेणाऱ्याचा. सेठनी ती वाचली, आणि अजून सही केली नाहीये.