अनुभव धागा: नवं केलेलं जुनं घर बघायला गेलात? काय दिसलं ते लिहा

तेरणाकाठ
परवा अंबाजोगाईला मावसभावाकडं वास्तुशांती होती. घर जुनंच, पणजोबांच्या काळातलं, पण आतून सगळं नवं केलंय. जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "चला, घर दाखवते", आणि आम्ही सगळे लाईनीनं त्यांच्या मागं. ढाळजेत, म्हणजे दाराच्या आतल्या ओसरीत, आता बसायला लांब बाक, खालून पिवळ्या उजेडाची पट्टी. चौकावर काच. माजघरात मऊ सोफा, त्यावर गोधडीच्या टाक्याच्या उशा. छान केलंय, खोटं कशाला बोलू. सागवानी खांब घासून तेल दिलेले, तिथंच बसून राहावं वाटत होतं.

मग स्वयंपाकघराच्या भिंतीत खाली एक गोल भोक दिसलं, आत बारीक बल्ब. वहिनी म्हणाल्या, "हे इंटीरियरवाल्यानं ठेवलंय, शोसाठी." ते बळदाचं तोंड. सुट्टीत आम्ही तिथनं ज्वारी काढायचो. चिंध्यांचा बोळा ओढला की धार लागायची आणि पाटी भरायच्या आत बोळा परत कोंबायचा. नाही जमलं तर अख्खं स्वयंपाकघर ज्वारीनं भरायचं आणि आज्जीचा आवाज वेशीपर्यंत जायचा. वहिनी पुण्याच्या, त्यांना कुठून माहीत असणार. मी काही बोललो नाही, पण तेव्हापासनं डोक्यात हेच चालू आहे.

तर लिहा. अशी घरं बघायला गेलात तेव्हा काय ठेवलेलं दिसलं, काय काढलेलं दिसलं, हसू आलं का पोटात कालवलं. फोटो नकोत, लोकांची घरं आहेत.

परभणीकर
पयला!
"घर दाखवते" ऐकलं की मी चप्पल शोधतो. आमच्याकडं एकेक ट्रॉली उघडून दाखवतात. ही तेलाची, ही डब्यांची, ही रिकामी. मागं एका ठिकाणी तर फ्लशसुद्धा दाबून दाखवला. "आवाज येत नाही बघा." खरंच नाही आला. पाणीबी नाही आलं.

लातूरची_लेक
हाहाहा परभणीकर. आमच्या दिरांनी हौसेनं बाथटब बसवला होता. पुढं २०१६ चा उन्हाळा आला. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला, आठवतंय ना. तेव्हा सगळ्या गल्लीत त्यांचीच चैन! टँकर आला की टब काठोकाठ भरून वर पत्रा झाकायचा. आंघोळ त्याच्याशेजारी बादलीत. अजून टबमध्ये कुणी बसलेलं मी पाहिलं नाही.

सोयाबीन
+१ टबला. आमच्याकडं टबात गणपतीची मखराची सामग्री असते.

चिंचेचा_कोळ
बळद म्हणजे काय? आमचं बालपण सगळं फ्लॅटमध्ये गेलं.

परभणीकर
घराच्या पोटातली धान्याची कोठी. वरून ओतायचं, खालून काढायचं. एटीएम.

मन्याड
बळद वेगळं, पेव वेगळं, बरं का. पेव जमिनीत खोल. आमच्याकडं कंधारच्या बाजूला गढीजवळ होते. पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरायचं नाही हा नियम. आधी कंदील सोडायचा, विझला तर आतली हवा खराब, तोंड उघडं टाकून थांबायचं. माणसं गेलीत त्यात. एका पाहुण्यांनी आता ते पेव साफ करून आत जिना आणि गाद्या टाकल्यात, पोरं आत बसून सिनेमा बघतात. घर दाखवताना म्हणले, "मे महिन्यात एसी लागत नाही." मी पहिलं विचारलं हवा यायला काय केलंय. ते म्हणले पाहुणे, तुम्ही पंख्याचं काय घेऊन बसलात, साउंड ऐका.

गोदावरी_आत्या
मी नांदेड. मस्त धागा आहे. पोळ्या लाटून येते मग लिहिते.

औशाकडची
मी किल्लारीच्या पट्ट्यातली. गावाचं नाव लिहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या आत, गणपती बुडवून माणसं नुकती झोपलेली. भूकंप झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आम्ही आधी पत्र्याच्या शेडात राहिलो, मग पुनर्वसनाच्या गावात. सिमेंटच्या खोल्या, सरळसोट रस्ते. भावानं आता त्याच घराला लागून हॉल काढलाय. लई देखणा. टीव्हीच्या मागची अख्खी भिंत दगडाची केली, म्हणजे दगडाच्या पातळ चिपा चिकटवल्यात, वरून फोकस. येणारा प्रत्येक जण तिथं उभा राहून फोटो काढतो.

आई माझ्याकडनं तिथं राहायला गेली. हॉलमध्ये आली, भिंत बघितली आणि उंबऱ्यातच बसली. चहा तिथंच घेतला. रात्री तिची गादी हॉलमध्ये घातली तर उचलून व्हरांड्यात नेली. भाऊ भिंतीवर टिचक्या मारून दाखवायला लागला, "आई, अर्ध्या इंचाचं हाय गं हे, मागं वीट हाय, सळई हाय." ती म्हणली, "मला दगड दिसायलाय ना."

दुसऱ्या आठवड्यात भावानं त्या भिंतीला वरपासून खालपर्यंत पडदा लावला. आता घर बघायला येणारे विचारतात, मागं खिडकी आहे का? वहिनी हो म्हणते.

तेरणाकाठ
ताई...

सोयाबीन
काय लिहावं कळेना. आमची आत्या पण अजून दाराजवळच झोपते, कुठल्याही घरात गेली तरी.

ओळंबा
ताई, आईंचं काही चुकलं नाही. मी त्याच कामातला, म्हणून थोडं लिहितो. दगड वाईट नव्हता, बांधणी वाईट होती. भिंत दोन-अडीच फुटांची, पण बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे गोटे आणि माती. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगडच नाही. वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी दरसाल मातीचा नवा थर चढवायचा, जुना कोण उतरवतो? वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाढत गेलं. हादरा बसला की भिंत पोटातून फुटली. पुष्कळ घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभेच राहिले आणि भिंती गेल्या.

म्हणून जुनं दगड-मातीचं घर नवं करणाऱ्यांनी लायटिंगच्या आधी माळवदाची माती उतरवावी. भिंतीत जागोजागी आरपार भोकं पाडून सळई टाकून काँक्रीट भरावं. खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत. किल्लारीनंतर गावोगावी हेच सांगत होते. पण हे काम झाल्यावर दिसत नाही. दिसत नाही म्हणून घर दाखवताना कुणी दाखवत नाही, मालकबी म्हणतो त्यापेक्षा झुंबर घ्या.

चिंचेचा_कोळ
ओळंबा, आमच्या सासरी बीडला वाड्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर महागडा रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे. रंगवाला म्हणतो भिंत खराब, गवंडी म्हणतो रंग खराब.

ओळंबा
दोघंही बरोबर, दोघंही लबाड. दगड-मातीची भिंत खालून ओल ओढते आणि हळूहळू बाहेर सोडते. तुम्ही सिमेंट आणि प्लास्टिक रंगानं तिचं नाक-तोंड दाबलं. तो गिलावा काढून चुन्याचा करा. पूर्वी चुन्याच्या घाणीत, दगडी चाकाखाली मळलेला चुना असायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे. अजून काही जुने कारागीर करतात. वेळ लागतो, घाई करायची नाही. आणि आधी पन्हाळीचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतं का ते बघा, निम्मा रोग तिथंच असतो.

परभणीकर
ओळंबा सर, नंबर द्या की. फीस किती घेता?

ओळंबा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

माळवदावरचा_कबुतर
सवण्याचं कुणी लिहिलंच नाही! माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक हो. चुलीचा धूर तिथूनच जायचा आणि ऊन भिंतीवर कुठवर आलंय बघून आई वेळ सांगायची. पावसाचं शिंतोडं पडलं की घरातल्या बारक्यानं पळत वर जायचं आणि घमेलं पालथं घालायचं, वर दगड. बारका म्हणजे मी.

माझ्या मित्रानं उदगीरला घर केलं, फार निगुतीनं. सवण्याला जाड काच बसवली, खाली बरोबर त्या जागी वाचायची खुर्ची, दिवा, पुस्तकांचं कपाट. डिसेंबरात गेलो तेव्हा तिथून उठवेना. मे महिन्यात परत गेलो तर खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात आणि सवण्यावर घमेलं पालथं! काच बंद, गरम हवा जायला वाट नाही, ऊन सरळ टाळक्यात. सवण्यानं उजेड पण यायचा आणि हवा पण निघायची, यांनी निम्मंच काम ठेवलं.

सोयाबीन
घमेलं 😀

गोदावरी_आत्या
आले पोळ्या करून. एवढं सगळं लिहिलं तुम्ही! मला एकच सांगायचंय. शहाबादी फरशी काढू नका गं पोरींनो. माझ्या भाचीनं घासून पॉलिश करून घेतली, इतकी सुंदर दिसते, निळसर काळी, उन्हाळ्यात पाय टाकला की गार. मग तिची कामवाली बाई संडासाचं ॲसिड घेऊन अख्खा हॉल पुसून गेली, चांगल्या मनानं. पांढरे पांढरे ढग उठले. चुनखडीचा दगड तो, त्याला लिंबू, चिंच, दही काही चालत नाही. परत घासून घ्यावी लागली.

लातूरची_लेक
आत्या, दह्याचं खरं आहे. आमच्या ओट्यावर ताकाच्या भांड्याचं गोल उमटलंय, जन्मभराचं.

मन्याड
खांबांना काय लावता सगळे? आमच्या सुताराला विचारलं तर म्हणतो टचवूड मारून टाकू, काचेसारखं चमकेल. मला चमकायला नको आहे.

तेरणाकाठ
मावसभावानं जवसाचं तेल लावलं म्हणाला. उकळलेलं घ्या, कच्चं लवकर वाळत नाही, महिनाभर हाताला चिकटत राहतं आणि धूळ बसते. पातळ हात, कापडानं, दोन-तीनदा.

मन्याड
धन्यवाद. जवस घरचाच आहे, पण वहिनी चटणीला सोडणार नाहीत.

सातारा_डोंगराखाली
छत्रपती संभाजीनगरहून. इथं जुन्या शहरात एका ओळखीच्यांच्या हवेलीत गेले होते. पडदे, लोड, तक्के सगळे हिमरूचे, म्हणजे इथल्या रेशीम-सुती विणीच्या कापडाचे, भिंतीवर आज्जीच्या पैठणीचा पदर काचेत लावलेला. एकेक चीज बघत राहावी. पण सगळ्यात आवडलं ते वेगळंच. त्यांच्या चुलत्यांची दाराशेजारची खाट. इंटीरियरवाली ताई म्हणाली होती खाट थीममध्ये बसत नाही. चुलते म्हणाले मग थीम बाहेर ठेवा. खाट आहे तिथंच आहे, वर नायलॉनच्या पट्ट्या, निळ्या-पांढऱ्या, खाली तांब्या.

परभणीकर
चुलत्यांना साष्टांग दंडवत.

बालाघाटचा_वारा
बाकीच्यांनी घरं बघितली, मी आमचं दार बघितलं. वाडा भाऊबंदकीत गेला, पाडला, लाकूड व्यापाऱ्यानं उचललं. पुढं पुण्याजवळ एका हॉटेलात ऑफिसची पार्टी होती, तिथं आत शिरतानाच उभं. नालेचा खिळा उजव्या फळीवर, आणि खालच्या कोपऱ्यात कुऱ्हाडीचा घाव. चुलत्यानं चावी हरवली म्हणून घातलेला! कडी-कोयंडा तोच. मी दाराला हात लावून उभा. वेटर आला, अदबीनं म्हणाला, "राजस्थानचं आहे सर, दोनशे वर्षं जुनं."
मी म्हणलं बरं.
बायको म्हणाली सांगायचं होतंस. काय सांगू? पनीर टिक्का चांगला होता तिथला.

सोयाबीन
राजस्थान 🤦

औशाकडची
बालाघाट दादा, हसावं का रडावं कळेना. चुलते काय म्हणले ऐकून?

बालाघाटचा_वारा
ताई, चुलते म्हणले कुऱ्हाडीचं भाडं मागायला पाहिजे त्यांच्याकडनं.

लातूरची_लेक
विषयांतर करते, राग मानू नका. तेरणाकाठ, वास्तुशांतीला जेवायला काय होतं?

तेरणाकाठ
येसर आमटी, भात, बुंदी, भजी. येसर आमटीचा वास मात्र त्या नव्या चिमणीला ओढला गेला नाही, सगळ्या उशांना बसला असणार.

चिंचेचा_कोळ
येसरची कृती द्या कुणीतरी प्लीज. सासूबाई अंदाजानं सांगतात, "थोडं हे, थोडं ते".

गोदावरी_आत्या
अगं, अंदाजच असतो तो. हरभऱ्याची डाळ, गहू, थोडी ज्वारी, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, एकत्र नाही. मग धणे, जिरे, खोबरं, मिरे, दगडफूल, लाल मिरची. गार झाल्यावर दळायचं. गरम दळलं की पिठाचा गोळा होतो. उद्या नीट लिहिते, वेगळा धागा काढते. आता नळाला पाणी आलंय.

परभणीकर
आत्या, टब भरून घ्या.