जुन्या थॉमसन द्राक्षवेलींचे ओलांडे (तारेवरचे आडवे हात) सुकताहेत: ओलांडा बदलावा की खोडच कापावं?

निफाड:
नमस्कार मंडळी. डॉगरिज खुंटावर कलम केलेली थॉमसन, १४ वर्षांची, वाय (Y) आकाराचा मांडव. खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची एप्रिलची छाटणी) ओलांड्याचा मधला पट्टा फुटतच नाही, फूट फक्त टोकाला. काही वेलींचा एक हात पार वाळलाय. काय करावं?

पिंपळगाव बसवंत:
दादा, आधी रोग कुठवर उतरलाय ते बघा. वाळका ओलांडा टोकाकडून थोडाथोडा कापत खोडाकडे या. काप स्वच्छ पांढरट दिसला तर लाकूड निरोगी. पाचरीसारखा तपकिरी डाग दिसला तर बुरशी आत आहे. डाग संपला की आणखी १०-१५ सेंमी मागे कापा. डाग ठेवून वरून कितीही पेस्ट लावली तरी नवी फूट पुन्हा वाळते. खोडाजवळ भुसा पडलेला असेल तर मात्र ती खोडकीड, तिचा बंदोबस्त वेगळा.

डाग ओलांड्यातच संपला तर खोडाला हात लावू नका. खोडात उतरला असेल तरच रिकट (खोड कापून नवी फूट वाढवणं), तोही कलमाच्या जोडाच्या वर. जोडाखालची फूट डॉगरिजची. ती काढा, नाहीतर तिच्यावर नव्याने कलम करा.

दिंडोरी:
हे काम एप्रिलच्या खरड छाटणीतच करा, पावसात काप उघडा ठेवू नका. खोडाच्या डोक्याजवळची एक जोमदार फूट ठेवून तारेवर वळवा. इथेच बरेच जण चुकतात: फूट एका दमात शेवटपर्यंत पळवतात, मग मधले डोळे (जिथून फूट निघते ते कोंब) झोपून राहतात. म्हणजे तुमच्या बागेत आज जे दिसतंय तेच पुन्हा. ९-१० पानं झाली की ७ पानांवर शेंडा मारा. बगलफुटी मालकाड्यांसाठी (पुढे घड देणाऱ्या काड्यांसाठी) राखा, टोकाची फूट पुढे न्या, पुन्हा तसंच.

एका वर्षी एकाच बाजूचा ओलांडा बदला, म्हणजे दुसऱ्या बाजूचा माल हाती राहतो. पण वेल कापून कमी झाल्यावरही पाणी आणि नत्र आधीइतकंच दिलं तर फुटी चपट्या, लांब पेऱ्यांच्या होतात आणि घडनिर्मितीला मार बसतो.

कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडी नको. रोगट वेल शेवटी छाटा, कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसा, कापलेलं लाकूड बागेबाहेर नेऊन जाळा.

निफाड:
न फुटलेल्या मधल्या पट्ट्यावर हायड्रोजन सायनामाईड (डोळे फोडायचं रसायन) लावलं तर?

पिंपळगाव बसवंत:
डोळे जिवंत असतील तरच उपयोग. मेलेल्या लाकडातून ते फूट काढू शकत नाही. लावताना हातमोजे हवेतच, आणि लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी आणि नंतरही काही दिवस दारूला शिवायचं नाही, अंगावर बेतू शकतं.